घरतकाकांचे पाहुणे

“तिला सांग, हितं ढग म्हनायचं नाय.”

माझ्यामागे काळोखात कुणीतरी बोललं. मी नुकतीच आले होते आणि फोनवर आईला हळूच एवढंच सांगितलं होतं की ढग आहेत. तंबी कुलकर्णी मॅडमना होती, कारण मला त्यांनी आणलं होतं. मॅडम पनवेलला आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतात, कॉलेजात फिजिक्स शिकवतात, आणि दर डिसेंबरात नेऱ्याजवळच्या या शेतात उल्का बघायला येतात.

“इथे त्यांना पाहुणे म्हणतात,” मॅडमनी मला समजावलं.

“पावन्याला जा म्हनलं का तो आनखी बसतो,” आवाज म्हणाला. “लक्षच द्यायचं नाय. आपोआप उठतो.”

हे घरतकाका. शेत त्यांचं, चटया त्यांच्या आणि नियमही त्यांचेच. उमेदीची वर्षं न्हावा शेव्याच्या रस्त्यावर ट्रेलर चालवण्यात गेली. आता एका माकडटोपीवर दुसरी माकडटोपी चढवून ते आभाळाखाली आडवे होतात. ताऱ्यांची नावं त्यांना फारशी येत नाहीत. मॅडम मिथुन रास दाखवायला लागल्या की ते म्हणतात, “असूदे. पडनारा कुठून पडतो ते त्यालाच म्हाईत.”

उजेडाशी मात्र त्यांचं हाडवैर आहे. गणपतीच्या सजावटीतला लाल जिलेटीन कागद ते जपून ठेवतात आणि शेतात शिरणाऱ्या प्रत्येक दिव्याला गुंडाळतात. टॉर्चला, फोनला, शकीलभाईंच्या स्कूटरला. शकीलभाईंचं पनवेलच्या बाजारात कापडाचं दुकान आहे, आमच्या चौकडीतले ते चौथे. एकदा कागद काढायचा विसरून ते तसेच घरी गेले. “बेगम दारातच म्हणाली, ये किसकी बारात लेके आये?” ही गोष्ट ते अजून सांगतात, आणि काका अजून म्हणतात, “पन डोल्यांना तरास झाला का तिच्या? नाय ना?”

एका वर्षी बाजूच्या फार्महाऊसवर मुंबईच्या लोकांचा वाढदिवस चालला होता. मोठा हॅलोजन, गाणी. काका हात जोडून विनंती करायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. मग अचानक हॅलोजन विझला आणि काका केकचा तुकडा खात परतले.

“काय केलंत?” मॅडमनी विचारलं.

“नाचावं लागलं,” काका म्हणाले आणि आडवे झाले.

आमच्याकडे थंडीत पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी भरायची, मडकं उपडं घालायचं आणि वर पेंढा पेटवायचा. सगळीकडे लोक जाळाभोवती बसून गरमगरम खातात. काकांच्या शेतात जाळ दिवस मावळायच्या आत विझतो. मग आम्ही ती पोपटी रात्री गार, लाल उजेडात, चाचपडत खातो. अंडं समजून बटाटा सोलत बसलेले शकीलभाई मी स्वतः पाहिले आहेत.

मला काका मीडियम म्हणतात. पहिल्या दिवशी त्यांनी शाळा कुठली विचारली आणि मी ‘इंग्लिश मीडियम’ एवढंच बोलले. त्यानंतरही फारसं बोलले नाही.

“मीडियम, चाय पायजे?”

मी मान हलवते.

“कालोखात मान हलवून भागत नाय गो. तोंड हाय ना देवानं दिलेलं?”

कुलकर्णी मॅडम हसतात आणि माझ्या वतीनं चहा मागतात. मला ते सोयीचं वाटतं. बोलायचं ते कुणीतरी बोलतंच, असा माझा अनुभव होता.

यंदा पाहुणे मुक्कामालाच आले होते. गेल्या वर्षीही तेच. दोन्ही डिसेंबरांत एकही उल्का नाही. येताना तिघं एकाच गाडीत होतो, तेव्हा मॅडम म्हणाल्या होत्या की पुढच्या वर्षी घरीच कॉम्प्युटरवर बघू, जिथे आभाळ मोकळं असेल तिथलं. शकीलभाईंच्या गुडघ्यांना ते पटलं. शेतात पोचल्यावर मॅडमनी काकांनाही सांगून टाकलं.

“बघा तुमी,” काका म्हणाले. “मी येनार.”

“एकटेच?” शकीलभाईंनी विचारलं.

“आधी एकटाच येत व्हतो ना.”

मॅडमना राहवलं नाही. “तेव्हा किती दिसल्या हो?”

“धरलेला एकपन नाय.”

“इतकी वर्षं एकही नाही? मग येत कशाला होता?”

“दिसले तर खूप. धरले नाय.” काका उठून बसले. “माजी बायको व्हती तवा आमी दोघं शेतातल्या खल्यात पडायचो. ती म्हनायची, तू ट्रेलरवाला, थापा मारतोस. मी बी पायला तरच धरायचा. मी दिसला म्हनायचो, ती कुठून कुठं गेला ते सांगायची. जमलं तर धरला. ती गेली. मंग एकट्याचं कोन धरनार?”

दोघांनी पाहिल्याशिवाय धरायचा नाही, म्हणजे मोजायचा नाही, हा नियम आम्हाला पहिल्यापासून माहीत होता. मॅडमना तो शास्त्रीय वाटायचा. त्यांनी माझ्याही देखत त्याचं कौतुक केलं होतं.

मॅडम हळूच म्हणाल्या, “चला, पोपटी संपवू आणि निघू.” लाल टॉर्च लागला. त्या आणि शकीलभाई मडक्यावर वाकले. “ये अंडा है के बटाटा?” शकीलभाई विचारत होते. मी तिथेच पडून होते. डोंगराच्या बाजूला, काकांचा गोठा आणि मोबाईलचा टॉवर यांच्या वर, ढग जरासे फाटले, ओढणीएवढे.

“दिसला!”

काका ओरडले. मडक्यावरच्या दोन्ही माना वर झाल्या. फट मिटत होती.

“कुनी पायला?”

“काका, आम्ही खाली बघत होतो,” मॅडम म्हणाल्या. “सॉरी.”

“या अल्लाह, अभी?” शकीलभाई म्हणाले.

काकांनी वरची टोपी काढली, झटकली, परत घातली. “असूदे,” म्हणाले आणि चटईची कड गुंडाळायला लागले.

मी थांबले, कुणीतरी बोलेल म्हणून. बोलायला कुणी उरलं नव्हतं. मराठीत दिशा सांगताना माझी पूर्व-पश्चिम नेहमी चुकते, म्हणून मी बोटानं दाखवलं. काळोखात ते कुणालाच दिसलं नाही.

“काका, मी पाहिला,” मी म्हणाले. “गोठ्याच्या वरून निघाला, टॉवरच्या अलीकडे विझला. हिरवट होता. धरा.”