भिंतीला शिकवणारे भिका आबा

भिका आबांची पाठ मी जितकी पाहिली आहे, तितकी त्यांच्या सख्ख्या आईनेही पाहिली नसेल. ते आम्हाला लाठी शिकवायचे, ते भिंतीकडे तोंड करून. आम्ही पोरी मागे रांगेत उभ्या आणि आबा समोरच्या भिंतीवर ओरडताहेत, "मी भितले सांगस, तुम्ही आयका!"

तेव्हा गोऱ्या साहेबाचं राज्य होतं आणि नंदुरबारात मुलींचं ट्रेनिंग कॉलेज म्हणजे लोकांना आयती करमणूक. मास्तरीण व्हायचं तर आम्हाला रोज सरावाच्या शाळेत जावं लागे, आणि वाट होती कापसाच्या जिनिंग कारखान्यावरून. तिथल्या टवाळ पोरांनी एकदा माझा पदर ओढला. त्यावर संस्थेच्या चिटणीसांनी काय तोडगा काढावा? बोर्डिंग बंद करून मुलींना घरी धाडावं! घरी म्हणजे चुलीपुढे, जन्मभर. आमच्या मेट्रनबाई त्यांच्याशी कडाकडा भांडल्या आणि होळीपर्यंत मुदत मिळवून आल्या. तोवर मुली स्वतःला सांभाळायला शिकल्या तर बोर्डिंग राहील, नाहीतर कुलूप.

पण शिकवणार कोण? आम्ही तालमीत विचारायला गेलो तर पैलवान खो खो हसले. "पोरिसना हातमा काठी? मंग आम्ही काय बांगड्या भरूत?" एकटे भिका आबा हसले नाहीत. चांगले पन्नाशीचे, दारात मावणार नाहीत असे. दारातल्या निंबाकडे बघत त्यांनी विचारलं, "बोर्डिंगन्या का?" मी हो म्हटलं. निंबालाच म्हणाले, "सकाय येस मी." म्हणजे उद्या येतो.

आणि खरंच आले, पण पाठमोरे! फाटकातून उलटं चालत येताना मेट्रनबाईंनी वाळत घातलेल्या मिरच्या त्यांनी अशा तुडवल्या, की पहिला तास आबांसकट आम्ही सगळ्यांनी शिंकण्यात घालवला. माफी मागितली तीही भिंतीची. एवढा मोठा गडी आणि नव्या नवरीसारखा लाजतो, म्हणून आम्ही त्यांची यथेच्छ टिंगल करायचो.

त्यांना आम्ही दिसत नसू, पण ऐकू फार येई. "काठी नही, कोनी तरी लाटनं धरेल शे!" हे बहुधा माझ्यासाठी असे. कौतुक मात्र कायम एकाच जागी जाई. "डावा कोपरामा आयका. आवाज कसा बराबर शे!" डाव्या कोपऱ्यात शेवंता असायची. तापीकाठच्या गावची तरुण विधवा, कवायतीतही पदर हनुवटीपर्यंत ओढलेला, मुलखाची अबोल. जेठांनी, म्हणजे थोरल्या दिरांनी, घरादाराशी भांडून तिला शिकायला पाठवलं, एवढंच तिच्याकडून कळलं होतं. तिचं कौतुक झालं, की माझा नुसता जळफळाट व्हायचा.

अंगणातल्या झाडाच्या फांदीला आबांनी सरकी भरलेलं पोतं टांगलं आणि त्याला जुनं पागोटं घातलं. त्याचं नाव पाव्हना. "पाव्हनाले च्या पाजा!" असं आबा भिंतीला म्हणाले, की आम्ही पोत्यावर तुटून पडायचं. मी पहिल्यांदा पाजला तेव्हा काठी माझ्याच कपाळावर आली.

होळी तोंडावर आली आणि चिटणीस परीक्षा घ्यायला येऊन बसले. एकेकीने पाव्हण्याला चहा पाजला. चिटणीसांनी मिशीवरून हात फिरवला. "पोतं काय, माझी नातही बडवेल. जिवंत माणसावर काठी उचलते का ते दाखवा. ती कोपऱ्यातली येऊ द्या पुढे."

शेवंता पुढे आली. पण मार खायला माणूस कुठून आणायचा? शिपाई तर केव्हाच पसार झाला होता. तेव्हा आबांनी डोक्याचा रुमाल सोडला, डोळ्यांवर घट्ट बांधला आणि ते आमच्याकडे वळले. इतक्या दिवसांत आम्ही त्यांना समोरून पहिल्यांदा पाहत होतो.

शेवंताची काठी काही उठेना. मी तिला ढोसलं, "मार ना गं! बोर्डिंग जाईल!"

"कशी मारू? मन्हा जेठ शेतस त्या," ती पदराआडून पुटपुटली.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. धाकट्या भावाच्या बायकोकडे जेठाने बघायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. एका छपराखाली राहून आबांनी तिला कधी हाकसुद्धा मारली नव्हती. आणि तिला काठी यावी म्हणून हा माणूस थंडीभर आमच्या भिंतीला शिकवत होता. आम्ही बाकीच्या आपल्या तिच्याबरोबर फुकटात शिकलो.

चिटणीस टोपी घालून उठायला लागले. तेवढ्यात आबा बोलले, आणि या वेळी भिंतीशी नाही.

"पाव्हना उभा शे. मार, माय. मार!"

शेवंताने पदर कमरेला खोचला आणि अशी काठी घातली, की आबा मटकन खाली बसले. चिटणीस खुर्चीच्या मागे जाऊन उभे राहिले. आबा धुळीत बसून हसत होते आणि रुमालाखालून त्यांच्या गालावर पाणी ओघळत होतं. मला तर रडूच फुटलं.

बोर्डिंग राहिलं.

दुसऱ्या दिवशी आबा लंगडत, पुन्हा उलटं चालत, पण मिरच्या चुकवून आले. भिंतीला म्हणाले, "काल पाव्हनाले च्या बेस भेटना!" म्हणजे चहा फक्कड मिळाला.

आम्ही हसलो. मग डाव्या कोपऱ्यातून एक बारीक आवाज आला. शेवंतानेही भिंतीलाच विचारलं होतं, "पाय दुखस का?"

आबांनी भिंतीवर हात टेकला. म्हणाले, "नही, माय. आते काहीच दुखत नही."