भोपळ्याच्या नर फुलांच्या बडतर्फीची बखर

॥ श्री भूमाता समर्थ ॥ गांडुळास नमन, जो अष्टौप्रहर राबतो आणि कोणत्याही सभेस येऊन बोलत नाही. मधमाशीस नमन. डबक्यातल्या बेडकास नमन. ज्यांच्या कृपेने बाग चालते त्या सर्वांस साष्टांग दंडवत, आणि ज्यांच्या हुकमाने बाग बुडते त्यांस लांबूनच रामराम. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर. संवत्सराचे नावच क्रोधी, तेव्हा लिहिता लिहिता सेवकाचा हात थरथरला तर दोष पंचांगास द्यावा.

अमुक एका मुलखी (नाव सांगण्याची छाती सेवकास नाही) अठरा बिऱ्हाडांचे एक राज्य होते, आणि राज्याच्या मधोमध पाच हात रुंद, वीस हात लांब अशी बाग होती, आणि बागेत कढीलिंब, जास्वंद, कागदी लिंबाचे एक झाड आणि पाण्याच्या टाकीखाली एक म्हातारा बेडूक इतकी रयत सुखाने नांदत होती. वैशाख मासी राजश्री मनोहरपंत हुपरीकर चेअरमनपदी बिनविरोध विराजमान जाहले. पूर्वाश्रमी एका कचेरीत तीस वर्षे हजेरीपटावर देखरेख केलेली, त्यामुळे कोण आला, कोण गेला आणि कोण नुसता बसला याखेरीज दुसरी नजरच नाही. गादीवर बसताच खासा स्वारी बागेत उतरली, आणि लिंबाची पाने खाणाऱ्या अळ्या दिसल्या, मग मर्जी खपा होऊन त्या वेचून जाळविल्या. पुढे ज्येष्ठात हेच सरकार पुसतात, "यंदा फुलपाखरं कशी दिसत नाहीत हो?" अहो, तुम्हीच जाळलीत ना ती! परंतु बोलणार कोण? मग टाकीखालचा बेडूक ओंगळ दिसतो म्हणून त्यास पोत्यात घालून ओढ्यापार हद्दपार केले, आणि महिन्याभरात गोगलगायी अशा माजल्या की जिन्याच्या कठड्यावर चढू लागल्या. त्या बेडकाने कोणाचे काय खाल्ले होते? किडे, गोगलगायीची पिल्लेच ना!

तळमजल्यास सुलोचनाबाई तिकोने राहत. वय वर्षे चौऱ्याहत्तर, सारे राज्य त्यांस आजी म्हणे. त्यांच्या माहेरची वाडी धरणाखाली गेली, घर गेले, विहीर गेली, आणि आईने निघताना लुगड्याच्या गाठीत बांधून आणलेल्या लाल भोपळ्याच्या बिया तेवढ्या मागे राहिल्या. ते बी आजींनी साठ वर्षे साल दरसाल लावून, एक फळ पुरते पिकवून, बिया राखेत घोळवून जपले. गतसाली डब्यास उंदीर लागला आणि चार बिया उरल्या. पैकी दोन कुजल्या, दोन उगवल्या, आणि त्या दोहोंतले एक रोप गोगलगायीने फस्त केले. राहिला एक वेल. त्यास फळ धरले नाही तर ते बी पृथ्वीवरून उठले, हे सर्वांस ठाऊक होते. आजींनी आळे खणून जुने शेणखत घातले, पाणी मुळाशी दिले, पानांवर मारले नाही, मावा दिसताच चुलीची राख फुंकली, आणि श्रावण लागताच वेल मांडवावर चढून पिवळ्याधमक फुलांनी बहरला.

आता भोपळ्याची रीत अशी की आधी नर फुले येतात. लांब, सडपातळ दांड्यावर, नुसतीच. आठ-पंधरा दिवस त्यांचा दरबार चालतो, मग मादी फुले येतात, ज्यांच्या बुडाशी लिंबाएवढे फळ आधीच दिसते. सकाळी मधमाशी नराचे पराग मादीस नेऊन देते, तर फळ धरते. न दिल्यास ते इवलेसे फळ पिवळे पडून गळते. शेतकऱ्याच्या पोरास हे चालता येण्याआधी कळते. परंतु सरकारांनी एके दिवशी सकाळी चष्मा सावरून वेलाची पाहणी केली, आणि द्वारपाल भिवाजी यास सन्मुख उभे करून पुसिले:

"हे फूल कालही इथंच होतं?"

"काल दुसरं होतं साहेब. आज हे."

"फळ कुठंय?"

"नाही साहेब."

"मग करतं काय दिवसभर?"

"फुलतं साहेब. नऊ वाजले की मिटतं."

"म्हणजे नऊला घरी!" सरकार गरजले. "फळ नाही, काम नाही, वर आमचं पाणी! माझ्या कचेरीत असलं एक दिवस चाललं नसतं. उद्यापासून लांब दांड्याची कळी दिसली रे दिसली की खुडायची."

आजी पोळीचे पीठ लागलेल्या हातांनीच बाहेर आल्या. "अहो हुपरीकर, काय करताय? ते नर फूल आहे! ते नसलं तर मादी फूल करील काय एकटी?" सरकारांनी इकडे तिकडे पाहिले, कान लाल जाहले, आणि "आजी, चारचौघांत असलं बोलू नये" म्हणोन निघोन गेले. सेवकाच्या तळपायाची आग मस्तकास गेली. परंतु ती तेथेच राहिली, तोंडावाटे बाहेर आली नाही.

मग आजींनी अर्ज केला आणि श्रावण वद्य पंचमीस सभा भरली. साबुदाणावडे होते, चटणी होती, म्हणोन अठराही बिऱ्हाडे हजर. आजी उभ्या राहिल्या आणि एक खुडलेली कळी हाती धरून सांगू लागल्या की ही नराची, हिच्या पोटात पराग असतात, ते मादीच्या पोटाला लागावे लागतात. तो सरकारांनी टेबल ठोकले. "स्त्रिया बसल्यात, मुलं बसलीत. हा विषय सभेच्या प्रतिष्ठेला शोभत नाही."

"अहो, मी भोपळ्याचं लग्न सांगतेय, तुमचं नाही!" आजी म्हणाल्या. मागच्या रांगेत खसखस पिकली, आणि तीच नडली. सरकारांचा चेहरा उतरला, मग ताठला, आणि त्यांनी ठराव मांडला की भोपळ्यास नर फूल म्हणोन काही नसते, ही एक समजूत आहे, सबब बिनकामाची फुले खुडण्याचा हुकूम कायम करावा. वाचकहो, मतदान जाहले! फुलास लिंग आहे की नाही यावर हात वर करून मतदान! चौदा हात वर गेले, तिघे वडा खात राहिले, आणि विरोधात एकट्या आजी. त्या चौदांत एक हात सेवकाचा होता. सेवक या राज्याचा सेक्रेटरी, लहानपण शेतावर गेलेले, नर फूल कोणते आणि मादी कोणते हे डोळे मिटून सांगेल. परंतु सेवकाची दुचाकी सावलीत लागते, आणि ती जागा सरकारांच्या मर्जीची. लाज वाटते लिहायला, पण हात वर केला आणि खाली आणून त्याच हाताने ठराव लिहिला.

मग रोज भल्या पहाटे भिवाजीने कळ्या खुडाव्या, आणि त्याच्या कारभारणीने त्या बेसनात बुडवून तळाव्या, आणि बशीभर भजी सरकारवाड्यात जावी. सरकार गच्चीवर बसून ती मिटक्या मारीत खात आणि म्हणत, "बघा, कामाला आली की नाही?" शरम कशी ती नाहीच. भाद्रपदात मादी फुले येऊ लागली. पहिले आले, सारा दिवस वाट पाहून मिटले, आणि चौथ्या दिवशी त्याचे इवलेसे फळ पिवळे पडून मातीत पडले. मग दुसरे पडले, मग तिसरे. मधमाश्या येत, मादी फुलात डोकावत, कोरड्या पायांनी परत जात. सरकारांनी निदान केले की खत कमी पडते, मग ओंजळ ओंजळ युरिया घातला, पाने थाळ्यांएवढी जाहली, फळ शून्य. मग म्हणाले की आजींच्या हाताला गुण नाही. साठ वर्षे ज्या हाताने बी राखले त्या हाताला गुण नाही! सातवे फळ गळले त्या दिवशी आजी आळ्याच्या कडेला फतकल मारून बसल्या आणि ते हातात घेऊन सेवकास म्हणाल्या, "सेक्रेटरी, दुकानातलं बी आणून लावता येईल मला. पण आईचं कुठनं आणू? पाण्याखालून?"

मग वेलाचे शेंडे सुकू लागले, आणि एका शेवटच्या फांदीवर एक शेवटची मादी कळी दिसली. उद्या उमलणार हे नक्की, आणि मांडवावर नर नावाला नाही. सेवक दुपारभर वेल चाळीत बसला, आणि चाळता चाळता ध्यानी आले की वेलाचा एक फाटा कुंपणाची भिंत ओलांडून परमुलखी गेला आहे. भिंतीपलीकडे पिठाची गिरणी होती, आणि तिच्या पत्र्यावर आमच्या सरकारांचा हुकूम चालत नव्हता. सेवकाने टाचा उंचावून पाहिले तो पत्र्यावर उद्या उमलतील अशा लांब दांड्याच्या तीन कळ्या! सेवक धावत आजींकडे गेला. आजींनी सारे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाल्या, "उजाडताच निघायचं. उशीर झाला तर मिटतील."

भाद्रपद वद्य द्वादशीस दिवस उगवता उगवता आजी आणि सेवक गिरणीत दाखल जाहले. गिरणीवाले इस्माईलभाई पट्टा चढवीत होते. हकीकत ऐकून त्यांनी शिडी लावली, स्वतः पत्र्यावर चढले, आणि वरून ओरडले, "आजी, एकच घेऊ की तिन्ही?"

"तिन्ही द्या बाबा. एका नवरीला तीन असू देत, आता कोण बोलणार आहे!"

इस्माईलभाई पिठाने पांढरे झालेले हात पोटावर ठेवून हसले आणि फुले देठासकट खाली दिली. आजींनी ती पदराखाली धरली आणि परत निघालो, तो दरवाजात खासा स्वारी! सकाळच्या फेरीस निघालेले सरकार, पायी पांढरे बूट, हाती काठी. दांडे पदराबाहेर डोकावत होते.

"हे काय? ठराव माहीत आहे ना? सेक्रेटरी, तुम्हीसुद्धा?"

सेवकाच्या डोळ्यांसमोर दुचाकीची सावली आली. आजी मात्र इंचभरही हटल्या नाहीत. म्हणाल्या, "नवरदेव आहे, साहेब. मुहूर्त टळतोय. वाट सोडा."

आणि सरकार, ज्यांनी तीस वर्षांत कोणास वाट सोडली नव्हती, ते बाजूस सरले. मग आजींनी आळ्याशी बसून नराच्या पाकळ्या सोलल्या, आतला पिवळा दांडा मादीच्या पोटात हळूच फिरविला, एकामागोमाग तिन्ही फिरविले. सेवकाने पाने बाजूस धरली होती. वर खिडक्यांतून बाकीचे मतदार टकामका पाहत होते, आणि कोणी ठरावाचे नाव काढले नाही. पाचव्या दिवशी फळ हिरवेगार, मुठीएवढे. पंधराव्या दिवशी घागरीएवढे. आजींनी त्याखाली वाळले गवत घातले आणि दिवसातून चार वेळा त्याकडे जाऊन आल्या.

आता खरा संताप येथे आहे. कार्तिक वद्यात भोपळा लाल, टणक, पुरता पिकला, आणि राज्यात बोलवा उठली की चेअरमनसाहेबांच्या कडक शिस्तीनेच असा भोपळा जाहला! फुकटची फुले खुडली म्हणोन सारा जोर एका फळात आला! शास्त्र म्हणे! मग सरकारांचा सत्कार ठरला. शाल आली, श्रीफळ आले, भोपळा टेबलावर मांडला, आणि सरकार उठून बोलू लागले की हे फळ राज्याची मालमत्ता असून ते न कापता कचेरीतल्या काचेच्या कपाटात नावाची पाटी लावून कायमचे ठेवण्यात येईल. कायमचे! भोपळा! आत बिया सडून जातील हे त्या तीनशे शब्दांच्या भाषणात कोठे आले नाही. सेवक उभा राहिला, दुचाकीची जागा आठवली, आणि पुन्हा खाली बसला. तो मागून आजी विळी घेऊन आल्या. टेबलावरचा भोपळा दोन्ही हातांनी उचलला, खाली जमिनीवर बसल्या, विळी पायाखाली घेतली, आणि भर भाषणात, शाल अंगावर असलेल्या सरकारांच्या समोर, भोपळा सर्रकन चिरला.

"आजी! भाषण चाललंय!"

"चालू द्या की. मला कुठं ऐकायचंय? माझं काम बियांशी आहे," आजी म्हणाल्या, आणि बोटांनी ओढून साऱ्या बिया पदरात घेतल्या. मग फाकी टेबलावर ठेवून म्हणाल्या, "हे घ्या, भाजी करा सगळ्यांनी. गूळ घाला थोडा." आणि निघोन गेल्या. सरकार शालीत उभे, भाषणाचा कागद हातात.

पुढे आठ दिवसांनी बिया वाळल्या, तेव्हा आजींनी बाकीच्या सतराही दारी स्वतः जाऊन पाच पाच बिया पुडीत बांधून दिल्या. सरकारांच्याही दारी गेल्या. एकाच घरी बी ठेवले तर पुन्हा उंदीर लागेल, म्हणाल्या. सेवकाच्या दारी शेवटी आल्या. सेवकाने पुडी घेण्यास हात पुढे केला आणि लाजेने मागे घेतला. तेव्हा आजींनी तो मनगटाला धरून ओढला, पुडी तळव्यात ठेवली, आणि म्हणाल्या, "हाच ना तो वर केलेला? आता मातीत घाला त्याला. ज्येष्ठात आळं करा, शेणखत मी देईन."

सारांश, राजे बहुत येतील, बहुत जातील, शाली पांघरतील. बी एका म्हातारीने राखले. जे घडले ते घडले तसे लिहिले. राग आवरता आला नाही, तो आवरण्याचा यत्नही केला नाही. इति मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा, लेखनसीमा.