चार कवट्यांचा होरा

अविनाश रिसबूडकडे अशी एक वस्तू होती, जी अख्ख्या पनवेलमध्ये दुसऱ्या कोणाकडे नव्हती, आणि हे तो भेटेल त्याला सांगायचा. ती दुसऱ्या कोणाला नकोच होती, हे मात्र तो सांगत नसे.

वस्तू म्हणजे एक पुस्तक. इंग्रजी, उशीएवढं जाड, फोर्टच्या फुटपाथवर सापडलेलं. स्वस्तातल्या भयपटांचा संदर्भग्रंथ! जगात कुठेकुठे, कोणाच्या तरी गॅरेजमध्ये चार दिवसांत उरकलेले तेराशे भयपट त्यात ए टू झेड लावलेले होते. प्रत्येकाचं नाव, साल, दिग्दर्शक, थोडक्यात गोष्ट, आणि शेवटी एक ते पाच कवट्या छापलेल्या.

त्यातले नऊ अविनाशने पाहिले होते. उरलेले बाराशे एक्याण्णव तो जन्मात पाहणार नव्हता आणि त्याला त्याचं काडीचंही दुःख नव्हतं. मजा वाचण्यातच होती. तो एका सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून होता. पत्र कितीही फालतू असो, त्याला नंबर पडलाच पाहिजे, हा त्याच्या टेबलाचा धर्म. आणि इथे एका भल्या माणसाने जगातल्या तमाम फालतू सिनेमांना नंबर दिले होते! ज्यात राक्षसाच्या पाठीवरची चेन दिसते, ज्यात नायिका पळता पळता एकच झाड सात वेळा ओलांडते, असले सिनेमे त्या गृहस्थाने शेवटपर्यंत बसून पाहिले होते आणि खाली लिहिलं होतं, ‘झाडाचं काम चांगलं.’ वाचताना अविनाशला फार बरं वाटायचं. आपल्या रजिस्टरांकडेही कधीतरी कोणी इतक्या मायेने बघावं असं त्याला मनापासून वाटे.

अडचण होती ती कव्हरची. त्यावर एक बाई होती, थडग्यातून आलेल्या हाताने तिचा पाय धरलेला होता, आणि कपड्यांच्या बाबतीत निर्मात्याने काटकसर केलेली होती. अविनाशच्या बायकोने, रमाने, पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की या घरात एक तर ही बाई राहील नाहीतर मी.

तेव्हा जूनमध्ये पोरांच्या पुस्तकांना घालतात तसं अविनाशने गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर घातलं. ऑगस्टचं पान होतं. तिथी, नक्षत्रं, चंद्रोदयाच्या वेळा, सगळं बाहेर. बाई संकष्टीखाली गेली आणि घरात शांतता झाली.

पुढचं सगळं झालं ते या ऑगस्टमुळे.

एका रविवारी शिरढोणहून रमाचे वडील आले. नाना उरणच्या कोर्टात नक्कल-कारकून म्हणून निवृत्त झालेले. चाळीस वर्षं त्यांनी इंग्रजी निकालांच्या नकला केल्या होत्या, एकही स्वल्पविराम न गाळता. सिनेमा म्हणजे वाया गेलेल्या माणसांचा उद्योग, असं त्यांचं स्वच्छ मत होतं. जावयाबद्दल विचारलं तर ते म्हणत, “आवक-जावकला असतात,” आणि तेही अशा सुरात, की ऐकणाऱ्याने दवाखान्यात असतात असं समजावं.

तर नाना आले तेव्हा अविनाश खिडकीत बसून वाचत होता. नानांनी ऑगस्टवर नजर टाकली आणि कसला ग्रंथ म्हणून विचारलं. अविनाश दचकला आणि खोटं सुचेना म्हणून खरं बोलून गेला.

“हॉरर,” तो पुटपुटला.

नानांचा डावा कान जरा जड होता, आणि अविनाश नेमका त्याच बाजूला बसला होता.

“होरा?” नानांनी डोळे मोठे केले. “होराशास्त्र? अहो, मग बोलला नाहीत कधी!”

आता इथे अविनाशने ‘तसं नाही नाना’ एवढे तीन शब्द उच्चारले असते तर काही झालं नसतं. पण लग्नाला सहा वर्षं होऊन गेल्यावर सासऱ्यांनी आज पहिल्यांदा त्याच्याकडे माणसाकडे बघावं तसं बघितलं होतं. ते तीन शब्द घशातच राहिले. ग्रंथ इंग्रजीत कसा, यावर नानांनीच खुलासा केला की परक्यांनी आपलं शास्त्र कधीच उचलून नेलंय. फक्त नानांना इंग्रजी अविनाशपेक्षा चांगलं येत होतं, म्हणून त्याने तिथल्या तिथे एक नियम केला : होऱ्याच्या ग्रंथाला दुसऱ्याचा हात लागला तर फळ जातं. नानांनी आदराने हात मागे घेतला.

संध्याकाळपर्यंत ही बातमी नानांनी घरमालकीण सखूबाईला सांगितली आणि ती लगेच वर आली.

“आविनासभाव, माजी म्हस तीन दिस झाले गावत नाय. तुमच्या त्या पुस्तकान बगा जरा, कुठं हाय ती.”

नाना शेजारी मांडी घालून बसलेले. अविनाशने घाम पुसत कुठलं तरी पान उघडलं. एका दलदलीतून शेवाळ्याने माखलेला राक्षस वर येतो, दोन कवट्या. त्याने गंभीर आवाजात सांगितलं की चिखल दिसतोय, पाण्याचा काठ दिसतोय, आणि अंगावर हिरवं काहीतरी आहे.

म्हैस गाढी नदीच्या काठाला चिखलात बसलेली सापडली. म्हैस दुसरी कुठे सापडणार! पण सखूबाईने दही घेऊन वर येऊन हे असं काही सांगितलं, की गल्लीत अविनाशचं नाव झालं. मग दर रविवारी कोणी ना कोणी यायला लागलं. सखूबाईचा भाऊ चांगो करंज्याहून सुके बोंबील घेऊन आला आणि होडी कधी काढू म्हणून विचारायला लागला. त्याच्या वेळी एक प्रचंड गोगलगाय निघाली, गावकऱ्यांचे मेंदू खाणारी, एकच कवटी. अविनाशने मेंदूचा भाग गाळला आणि एवढंच सांगितलं, की सावकाश जा. चांगो इतका सावकाश गेला की बंदरात सगळ्यांच्या शेवटी पोचला. तोवर बाकीच्यांची मासळी संपली होती आणि लिलावात एकट्या चांगोच्या मासळीवर उड्या पडल्या.

रमा हे सगळं बघत होती. तिने एकदाच विचारलं, “अहो, हे कुठवर जाणार?” अविनाश म्हणाला, जाईल विरून आपोआप. पण त्याला हे विरायला नकोच होतं, कारण नाना आता त्याला ‘अविनाशराव’ म्हणायला लागले होते आणि पाटावर त्याच्या आधी बसत नव्हते.

तेवढ्यात अनुयाचं प्रकरण आलं.

अनुया ही रमाची धाकटी बहीण. कॉलेजसाठी ती यांच्याकडेच राहायची. अविनाशच्या कॅसेट परत करायला तिला एस. टी. स्टँडजवळच्या व्हिडिओ लायब्ररीत पाठवलं जायचं, आणि वर्षभरात तिच्या ध्यानात आलं की कॅसेट नसली तरी आपल्याला तिथे जावंसं वाटतं. लायब्ररी देवेशची होती. मुलगा सरळ, बोलायला गोड, हिशेबाला चोख. त्याच्या आईवडिलांनी रीतसर स्थळ सांगून पाठवलं. मुलाचा धंदा कसला हे ऐकून नाना म्हणाले की भुताखेतांच्या फिती भाड्याने देणाऱ्याला मी मुलगी देणार नाही. अनुया दोन दिवस जेवली नाही. तेव्हा नानांनी तोडगा काढला. अविनाशरावांनी होरा बघावा. होरा हो म्हणाला तर हो, नाही म्हणाला तर विषय बंद.

अनुयाने अविनाशला स्वयंपाकघराच्या दारात गाठलं. तिचे डोळे सुजलेले होते.

“भाऊजी, म्हशीला जागा सांगितलीत, आता मलाही सांगा. नाहीतर तुमच्या ऑगस्टखाली काय आहे ते मी नानांना दाखवीन.”

धमकीची गरज नव्हती. पोरीचा चेहरा बघून अविनाशला आतून गलबलून आलं होतं. आपल्या गमतीवर एका मुलीचा सगळा संसार टांगलाय, हे त्याला पहिल्यांदाच उमगलं.

नानांनी डोळे मिटून स्वतः पानाचा आकडा सांगितला : दोनशे सात. अविनाशने पान काढलं. एक माथेफिरू डॉक्टर एक पुरुष आणि एक बाई एकत्र शिवतो. धड एक, डोकी दोन. सिनेमाभर दोघं भांडतात.

“काय म्हणतोय ग्रंथ?” नानांनी विचारलं.

“दोन मस्तकं... देह एक,” अविनाश चाचरत म्हणाला. “वेगळे करायला गेलं तर दोघंही जगत नाहीत.”

अनुयाने पदर तोंडाला लावला. नाना पुढे वाकले आणि लांबूनच पानाच्या तळाशी बोट दाखवून विचारते झाले, की ती चार चिन्हं कसली? कवट्या दिसतात.

“कवट्याच आहेत,” अविनाश म्हणाला. “पापग्रहांच्या. या विवाहात चार पापग्रह... मेले.”

नानांनी बोटांवर चार मोजले. मग म्हणाले, चार मेले म्हणजे उत्तमच झालं. रमाने देवापुढे साखर ठेवली. अविनाशला वाटलं, सुटलो. इतक्यात नानांनी ग्रंथ उचलून पिशवीत घातला.

“नाना, हात लागला तर फळ...”

“फळ सांगून झालं की,” नाना शांतपणे म्हणाले. “याद्यांच्या दिवशी आणून देतो. मलाही जरा अभ्यास करू दे.”

आणि शिरढोणच्या गाडीत बसून ते निघून गेले.

याद्या तीन आठवड्यांवर होत्या. ते तीन आठवडे अविनाशने कसे काढले ते त्याचं त्याला ठाऊक. कचेरीत त्याने आवक पत्रं जावकात चढवली. नाना कव्हर काढणार, बाई दिसणार, लग्न मोडणार, अनुया जन्मभर आपलं तोंड बघणार नाही, आणि पाटावर आपण पुन्हा शेवटी. रोज याच क्रमाने तो विचार करी. शिरढोणहून काहीच निरोप येत नव्हता, आणि नाना रागावले की काहीच बोलत नाहीत हे रमाने त्याला सांगून ठेवलं होतं.

याद्यांचा दिवस आला. देवेशच्या घरचे आले, चहा झाला, कुंकू लावून झालं. देण्याघेण्याचं काही नाही असं आधीच ठरलेलं होतं, तेव्हा कागदावर नुसतं मुहूर्त आणि मानपान लिहायचं होतं. पण नानांनी खिशातून आपला वेगळा कागद काढला. बारीक, सुबक, कोर्टाच्या अक्षरातला.

“मुलीच्या बापाचीही एक यादी आहे,” ते म्हणाले.

देवेशचे वडील सावरून बसले. मुलीकडून यादी येते हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. नानांनी चष्मा लावला आणि खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

“एक. पान एकशे बेचाळीस. मेंदू खाणारी गोगलगाय. दोन. पान तीनशे अकरा. ज्यात नायिका तेच झाड सात वेळा ओलांडते तो. तीन...” अशी अकरा नावं त्यांनी वाचली. “एवढ्या कॅसेट जावयाने मिळवून दाखवायच्या. माझ्याकडे व्हीसीआर नाही, तेव्हा रविवारी मी इथेच येईन.”

खोलीत कोणाला काही कळेना. ज्याला कळलं तो भिंतीला टेकला.

नानांनी मग सावकाश सांगितलं. पिशवीतून काढताना एस. टी.तच कव्हर निसटलं होतं. पहिल्यांदा त्यांना घाम फुटला, शेजारी शिरढोणच्या बायका होत्या. घरी येऊन पुस्तक जाळायचं ठरवलं. पण नक्कल-कारकुनाची खोड, काहीही हातात आलं की पहिल्या पानापासून वाचायचं. प्रस्तावना वाचली आणि नाना अडकले. तीन आठवड्यांत तेराशेच्या तेराशे नोंदी वाचून झाल्या. एका माणसाने इतक्या टाकाऊ मालाची इतकी प्रामाणिक नोंद ठेवलेली त्यांनी कोर्टातसुद्धा पाहिली नव्हती.

“आणि काल मी याच्या दुकानात गेलो होतो,” ते देवेशकडे वळून म्हणाले. “ओळख दिली नाही. एखादा भुताचा दे म्हटलं. हा म्हणाला, काका, हा नेऊ नका, यात राक्षसाची चेन दिसते. पण करणाऱ्याने जीव ओतलाय, तेव्हा न्यायचाच असेल तर हसायच्या तयारीने न्या.” नानांचा आवाज जरा ओला झाला. “आपला माल रद्दी आहे हे सांगूनही जो प्रेमाने देतो, त्याच्या घरी माझी मुलगी सुखात राहील. मला होऱ्याची गरज नाही.”

अनुया आत पळाली. देवेशला काय करावं कळेना म्हणून तो नानांच्या पाया पडला, आणि पडल्या पडल्या म्हणाला की गोगलगाय मिळणं कठीण आहे, पण प्रयत्न करतो.

अविनाशने लाजत लाजत नानांची माफी मागितली. नानांनी हाताने उडवून लावली. म्हणाले, बाकी सगळं ठीक, पण चार कवट्या म्हणजे ‘अवश्य पाहावा’ हे प्रस्तावनेत दुसऱ्याच पानावर दिलंय, तुम्ही प्रस्तावना वाचत नाही की काय? अविनाशने प्रस्तावना कधीच वाचली नव्हती. आवक-जावकला पाकीट उघडायची पद्धत नसते.

सगळं गोड झालं. पेढे वाटले गेले, सखूबाई म्हशीचं दूध घेऊन आली. पाहुणे उठल्यावर अविनाशने हळूच नानांच्या पिशवीकडे बघितलं. पिशवी सपाट होती.

“नाना, पुस्तक?”

“ते शिरढोणला आहे. नवीन कव्हर घातलंय, यंदाच्या ऑगस्टचं.” नानांनी चपला पायात सरकवल्या आणि उजवा कान त्याच्याकडे करून म्हणाले, “तुम्हाला कशाला हवं, अविनाशराव? तुम्ही तर ज्योतिषी.”