साहेबाचा मान आन् आमची हरकत

गड्यांनो, मी वस्तीत छातीठोक सांगितलं हुतं, "साहेबाला दोन मिंटांत गप करतो!" मॅट्रिक पास हाय म्हटल्यावर एवढं तर येणारच की!

झालं असं. सरकारनं वडूजजवळच्या आमच्या माळावर नकाशात लाल रेघ वडली, हितं गोदामं बांधायची म्हणून. कुणाची हरकत आसंल तर सुनावणी! आन् ती लावली कवा? फाल्गुनात! तवा म्हातारी आन् मी सोडून वस्तीवरचं समदं बापय मेंढरं घिऊन कोकणात. आमचं आबा बी. पावसाच्या तोंडावर मेंढरं परत येत्यात ती त्याच माळावर. बारका हुतो तवापासनं मी तितं जाऊन वाट बघतोय. आदी धूळ दिसती, मग मेंढरांच्या गळ्यातल्या घाट्या वाजत्यात, मग आबांचा फेटा. त्यो माळच गेला तर आबा येणार कुठं?

म्हणून हरकत मी सांगायची ठरली. पाच मुद्दं तोंडपाठ केलं!

सुनावणीला साहेबाची जीप आली, तशी आई म्हणाली, "आरं, दारात आलेल्या माणसाशी आदी भांडायचं व्हय? फेटा बांधा त्येला!"

"आई, सुनावणी हाय ती!"

"आसू दे. मान झाला की भांड."

फेटा बांधाय म्हातारं केरबातात्या! तीन डाव सुटला, साहेब खांबावानी उभा. सुलाबाईनं ओवाळलं. हरणाबाईनं भर उन्हात त्येला घोंगडं पांघरवलं, साहेब आत कणसावानी भाजतोय! तेवढ्यात म्हाताऱ्यांनी ढोल काढलं.

"आवं तात्या, पुरं करा की!"

"गप रं! मान काय अर्धा सोडत्यात व्हय?"

ढोल थांबलं तवा साहेबानं घड्याळ बघितलं. "अरे बापरे! साताऱ्याला मीटिंग आहे."

मी उठलो. "साहेब, पयला मुद्दा..."

त्यानं माझा हात दोन्ही हातांत घेतला, डोळं भरल्यालं. "इतकं प्रेम मला कुठंच मिळालं नाही, बाळ!" आन् जीप धुरळा उडवत गेली बी!

पंधरा दिवसांनी कागद आला. "ग्रामस्थांनी योजनेचे वाजतगाजत स्वागत केले. कोणाचीही हरकत नाही."

आई म्हणाली, "बघ, नाव काढलंय आपलं!"

वर अर्ज धाडलाय, आबांचं ऐकल्याबिगर निकाल देऊ नका म्हणून. उत्तर न्हाई. मग आबांनाच कार्ड लिवाय बसलो. माळाचं लिवाय हात धजंना. एवढंच लिवलं, "आबा, औंदा जरा लवकर या."

आट दीस झालं, कार्ड खिशातच हाय. चालत्या मेंढरांमागच्या माणसाचा पत्ता, गड्यांनो, मॅट्रिकला शिकवलाच न्हाई!