पैसे झोपले हायेत

लक्ष्मीपूजनाला मी पोस्टाच्या बचतीच्या पुस्तकाला पंचामृतानं आंघोळ घातली. हसा! आता मीही हसते. तेव्हा वाटलं होतं, नुसत्या हळदकुंकवानं लक्ष्मी थोडीच प्रसन्न होणार? वांगी विकून लेकीच्या, कुमुदच्या कॉलेजसाठी साठवलेले सगळे आकडे दह्यामधात विरघळले. नवऱ्याला सांगायची छाती नव्हती. पण खरी धास्ती गुलाबराव पोस्टमास्तरांची.

अमडापूरचं पोस्ट म्हणजे त्यांच्याच घराची ओसरी. मागे एकटा जीव, एक चूल. पुस्तक हातात घ्यायच्या आधी ते साबणानं हात धुवायचे, आपल्यालाही धुवायला लावायचे. कोणी पैसे काढायला आलं, की खिडकीचं दार लोटून कुजबुजायचे, "हळू बोल बे, पैसे झोपले हायेत!" खाती ते पोरांच्या नावानंच ओळखत. भर बाजारात मला हाक मारायचे, "वहिनी, कुमुद या महिन्यात वाढली नाही!" बायका माझ्या काडीसारख्या पोरीकडे बघत राहायच्या.

दिवाळीनंतर मी पोस्टाचा रस्ताच सोडला. वांग्यांचे पैसे डब्यात पडू लागले. तरी बाजारात गाठलंच त्यांनी, "काऊन वहिनी, पोरीले उपाशी ठेवता का?"

मग कुमुद मॅट्रिक पास झाली. अमरावतीच्या कॉलेजात नाव घालायचं, तर फी हवी. पुस्तक फडक्यात बांधून निघाले. आकडेच नाहीत, तर पैसे मागायचे कशावर? पोरगी पुन्हा वांग्यांच्या वाफ्यात जाणार.

गुलाबरावांनी हात धुतले, फडकं सोडलं. आतून मुंग्यांची रांग निघाली. ते एकेक मुंगी फुंकरीनं उडवत म्हणाले, "व्याज खाऊन चालल्या वाटते."

मला रडूच फुटलं.

"रडता काऊन? पुस्तक भिजलं, पैसे नाही भिजले. चिखलीच्या पोस्टात सारं लिहेल हाये."

ते स्वतः एस्टीनं चिखलीला खेटे घालून नवं पुस्तक घेऊन आले. पैसे द्यायच्या दिवशी खिडकीची दोन्ही दारं सताड उघडी. नोटांवर हलकेच थाप मारून म्हणाले, "उठा रे, अमरावतीले जायचं हाये."

मी म्हटलं, "भाऊजी, हे कसं फेडू?"

हातातल्या शिक्क्याकडे बघत ते म्हणाले, "कुमुदले म्हना, पोचली की माह्या नावानं एक कार्ड टाकजो. साऱ्या गावाच्या कार्डायवर शिक्के मारतो मी, वहिनी. आपल्या नावाच्या कार्डावर अजून मारला नाही."