रौनोचा पारा

"तू हल्ली फार चिडचिडा झालायस," मार्लीन म्हणाली, आणि तिच्या नवऱ्याने, रौनो किवेलाने, हातातला चमचा टेबलावर आपटला.

"मी? मी चिडचिडा?"

"हे काय मग?"

"चमचा आपटला, मी नाही."

कॅनडातल्या थंडर बे गावात रौनोचं चष्म्यांचं दुकान होतं. दिवसभर लोकांचे नंबर काढून काढून त्याला स्वतःलाही मोजायचा नाद लागला होता. कॉफी प्यायला की फोनवर एक खूण, सॉनात वाफ घेऊन आला की दुसरी, झोपताना तिसरी. मोजल्याशिवाय कुठल्याही गोष्टीवर त्याचा विश्वास बसत नसे. 'चिडचिडा' हा तर सरळसरळ आरोप होता, आणि तोही पुराव्याशिवाय केलेला. त्याने लगेच एक स्मार्ट बटण मागवलं. चांगल्या कोटाच्या बटणाएवढं, पांढरं, गोल. ते दाबलं की फोनमध्ये नोंद व्हायची : 'चिडलो.'

"महिनाभर थांब," तो मार्लीनला म्हणाला. "मग आकडेच बोलतील."

"आकडे बोलतील तर बरंच होईल. तू तर ओरडतोस."

इथवर सगळं ठीक होतं. पण फोनला एक काम शिकवलं की दुसरं शिकवल्याशिवाय रौनोला चैन पडत नसे. पाठोपाठ तीनदा बटण दाबलं गेलं, की फोनने आपणहून 'घर' या ग्रुपवर निरोप पाठवावा, अशी सोय त्याने करून ठेवली. निरोप त्याने फार विचार करून लिहिला होता : 'माझा पारा चढलाय. माझ्याशी जरा प्रेमाने वागा.'

आता घोळ असा, की रौनोच्या फोनमध्ये 'घर' नावाचे ग्रुप दोन होते. एकात मार्लीन, मुलगी आणि तो. दुसरा त्याच्या कर्लिंग क्लबचा. बर्फावरून ग्रॅनाइटचे दगड सरकवत ज्या रंगीत वर्तुळात न्यायचे, त्या वर्तुळालाच कर्लिंगवाले घर म्हणतात, म्हणून ग्रुपचं नाव तेच. रौनोने घाईघाईत दुसरा ग्रुप निवडला. क्लबचं स्वयंपाकघर मार्लीन सांभाळायची, त्यामुळे ती त्याही ग्रुपमध्ये होती.

शनिवारी क्लबची अंतिम फेरी होती. मार्लीन क्लबसाठी केक भाजत घरीच थांबली होती. समोर डेल्बर्ट शुशेचा संघ. हा डेल्बर्ट केसभर जागाही न सोडणारा माणूस, आणि दरवर्षी करंडक त्याच्याच घरी जायचा. नोंदीत खंड नको म्हणून रौनोने बटण पँटच्या मागच्या खिशात टाकलं, फोन मुका करून जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि बर्फावर उतरला.

दगड सोडताना पार खाली बसावं लागतं. रौनोची पँट जुनी, देह त्यामानाने नवा. तो बसला की पँट ताणली जायची आणि बटण दाबलं जायचं. दगड नीट सरकावा म्हणून झाडूने पुढचा बर्फ घासायला वाकला, की पुन्हा.

काचेपलीकडे बसलेल्या प्रेक्षकांनी आपापले फोन पाहिले, मग रौनोकडे पाहिलं.

मधल्या सुट्टीत त्याच्या संघातला लॉर्न पाणी प्यायला वर जाऊन आला आणि एकदम हळुवार झाला. "रौनो, तू खूप छान खेळतोयस हं."

"आत्ताच माझा दगड भिंतीला जाऊन धडकला!"

"पण किती छान धडकला!"

पाठोपाठ क्लबच्या सगळ्यात जुन्या सभासद हिल्काबाई गुलाबी साखर फासलेला बन घेऊन आल्या. "खा राजा. गोड खाल्लं की बरं वाटतं."

"मला काय झालंय, हिल्काबाई?"

"काही नाही रे, काही नाही," असं म्हणून त्यांनी त्याला मिठीच मारली. जो तो पाठीवर हात फिरवू लागला. रौनोचा दगड चुकला तरी टाळ्या, पडता पडता वाचला तरी टाळ्या. आता मात्र त्याला खरोखर राग यायला लागला.

शेवटच्या दगडापर्यंत बरोबरी होती. रौनोचा लाल दगड आणि डेल्बर्टचा पिवळा, दोन्ही मध्यबिंदूला चिकटून बसले. ज्याचा जवळ, त्याचा करंडक. डेल्बर्टने वाकून पाहिलं, सुस्कारा सोडला आणि रौनोच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुझाच जवळ आहे, मित्रा. घे, जिंकलास."

"न मोजता?"

"मोजायचं काय त्यात? मला दिसतंय की."

"काय दिसतंय? तुझा चष्मा मी केलाय, डेल्बर्ट! तुला लख्ख दिसतं! मोजपट्टी आणा!"

"रौनो, दीर्घ श्वास घे..."

"श्वास नको, मोजपट्टी हवी!"

मोजपट्टी आली. पिवळा दगड केसभर जवळ निघाला. इतकी वर्षं रौनो ज्या करंडकाची वाट पाहत होता, तो हातात आला होता, आणि त्याने स्वतःच आरडाओरडा करून तो परत केला होता.

हिल्काबाईंनी मग न राहवून आपला फोन त्याच्यापुढे धरला. ग्रुपवर ओळीने तेच वाक्य, आणि प्रत्येकाखाली लोकांनी पाठवलेली लाल बदामांची रास. रौनोने ते वाचलं. त्याचा हात आपोआप मागच्या खिशाकडे गेला. दोन्ही कान लाल झाले. मग तो बाकावर चढला.

"मित्रहो," तो म्हणाला, "मी चिडलो नव्हतो. माझं बूड चिडलं होतं. गेला तासभर तुम्ही सगळे त्याचीच समजूत काढत होता."

डेल्बर्ट हसत हसत बर्फावर बसला. त्या गदारोळातच दार उघडलं आणि एप्रनवरच कोट चढवलेली मार्लीन धापा टाकत आत आली. रौनो बाकावरून उतरून तिच्याकडे धावला.

"घाबरलीस का? अगं, मला काही झालं नाही. ते मी नव्हतोच, खिशातलं बटण..."

"त्या बटणाला मध्ये आणू नकोस," मार्लीन म्हणाली. "लग्नाला एवढी वर्षं झाली, पण 'मी चिडलोय' असं एकदा तरी कबूल केलंयस? आज चक्क लेखी, तेही चारचौघांत! म्हटलं, असा दिवस परत येतो न येतो. ओव्हन बंद केला आणि बघायला आले."