सूर्याच्या कॉफीचा तवा

हिल्डुरच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला तवा ऑर्रीने मंगळवारी सकाळी घासला. साबण लावून, तारेच्या घासणीने, दोनदा. पहिल्यांदा पाणी कॉफीसारखे निघाले, दुसऱ्यांदा चहासारखे, आणि मग तव्याचा खरा रंग दिसला. तो करडा होता. ऑर्रीने तवा कोरडा केला, उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी पाहिला आणि पुन्हा खिळ्याला लावला. मासळीच्या कारखान्यात स्वच्छता तपासणे हीच त्याची नोकरी होती. काम चोख झाले की त्याला आपोआप कळत असे.

सासूच्या, म्हणजे हिल्डुरच्या, घरावर एवढी मेहनत घेण्याला कारण होते. ऑर्री आणि त्याची बायको उन्नुर बंदरावर, जाळ्यांच्या गोदामावरच्या एका ओलसर खोलीत राहत. उन्नुरचे दिवस भरत आले होते, आणि इसाफ्योर्दुर गावात दुसरी जागा मिळायची चिन्हे नव्हती. हिल्डुरच्या घराचा वरचा मजला मात्र रिकामा होता. उन्नुरने विषय काढला तेव्हा आई नाही म्हणाली नव्हती. ती म्हणाली होती, "डोळ्याच्या ऑपरेशनला रेक्याविकला चाललेय. तोवर घर तुमच्या ताब्यात. परत आले की बघू." त्या ‘बघू’साठी ऑर्री आठवडाभर फरश्या पुसत होता.

हिल्डुर बुधवारी परतणार होती, आणि बुधवारी सूर्याची कॉफी होती. नोव्हेंबरात डोंगराआड गेलेला सूर्य जानेवारी संपता संपता गावात पुन्हा डोकावतो, त्या दिवशी घरोघरी कॉफीबरोबर अंडी-दुधाची पातळ, गोड धिरडी होतात. हिल्डुरच्या गल्लीत मात्र धिरडी तीच करायची आणि सगळी गल्ली तिच्याकडे जमायची.

उन्नुर दुपारी जेवायला आली आणि खिळ्याकडे बघत दारातच थांबली.

"ऑर्री, हे काय आहे?"

"तवा."

"कुठला?"

"तोच. ओळखू येत नाही ना?" ऑर्री अभिमानाने म्हणाला.

उन्नुर कोट न काढता खुर्चीवर बसली. "साबण लावलास?"

"दोनदा."

"अरे देवा. तो धुवायचा नसतो रे. कुणीच धुवत नाही. कागदाने पुसतात आणि टांगतात. तुझ्या आईकडे नव्हता का असा?"

"आमच्याकडे धिरडी बेकरीतून यायची."

"लग्नाआधी सांगायचंस ना हे," उन्नुर म्हणाली.

त्यांनी लगेच पीठ कालवले. पहिले धिरडे तव्याला असे धरून बसले की खरवडून काढावे लागले. दुसरे तुकड्यांनी निघाले. तिसरे निघालेच नाही. उन्नुरने खिडकी उघडून तुकडे बाहेर टाकले. दोन समुद्रपक्षी आले, त्यांनी चाखले आणि एक परत गेला.

"नवा आणू. नॉनस्टिक," ऑर्री म्हणाला. "तोही काळाच असतो."

"आईला फसवायचं?"

"फसवायचं नाही. सांगायला जरा उशीर करायचा."

गावात भांड्यांचे दुकान एकच, कोलबेनचे. कोलबेनने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि ऑर्रीला फळीसमोर नेले. कामाच्या बाबतीत तोही ऑर्रीसारखाच होता. गिऱ्हाइकाला चुकीचा तवा गेला तर त्याला जेवण गोड लागत नसे.

"कुठल्या चुलीवर वापरणार?"

"साध्या."

"साधी चूल असं काही नसतं. तुमच्या खोलीत तर एकच छोटी शेगडी. तिच्यावर हा मावायचा नाही."

"भेट द्यायचाय."

"मग त्या घरची चूल कुठली?"

ऑर्रीला अर्धवट माहिती देण्याची सवय नव्हती. "काचेची, इंडक्शनची. डावीकडची मागची बाजू चालत नाही."

कोलबेनने चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. "डावीकडची मागची. ती चूल मी बसवलीय, बाबा. पण तिथे तवा आहे की. खिळ्याला."

"होता," ऑर्री म्हणाला.

 मग कोलबेनने आवाज खाली आणला आणि कामाला लागला. "हा हलका घेऊ नकोस. याचं बूड फुगतं, मग पीठ कडेला पळतं आणि मध्ये भोक पडतं. हा ठिपक्यांचा, दगडाचा लेप म्हणतात, नुसते ठिपके आहेत. हा बघ. उचल. बूड जड आहे ना? आणि कड बुटकी. उंच कडेच्या तव्यात उलथनं आडवं जात नाही, धिरडं दुमडतं. हा ने. मंद आचेवर ठेवायचा, रिकामा तापवायचा नाही, लोखंडी उलथनं लावायचं नाही, आणि तारेची घासणी..." तो थांबला. "असो. ते तुला आता माहितीय."

"कोणाला बोलू नकोस."

"मी दुकानदार आहे," कोलबेन दुखावून म्हणाला. "कोणी काय नेलं ते मी सांगत नसतो."

नवा तवा कामाला उत्तम निघाला. धिरडे त्यावरून बर्फावरच्या गाडीसारखे घसरले. फक्त ते फिकट होते, आणि हिल्डुरच्या धिरड्यावर असते तशी तपकिरी जाळी त्यावर काही उमटली नाही. ऑर्रीने आच वाढवून पाहिली, कमी करून पाहिली, लोणी बदलून पाहिले.

"आईला पहिल्याच घासाला कळेल," उन्नुर म्हणाली.

"डोळ्याचं ऑपरेशन झालंय ना तिच्या."

"डोळ्याचं. जिभेचं नाही."

बुधवारी सकाळी दार वाजले. बाहेर शेजारची हेर्दिस उभी होती. हातात पुसायच्या फडक्यात गुंडाळलेले काहीतरी गोल होते.

"ऐकलं," ती हलक्या आवाजात म्हणाली. "फार वाईट झालं."

"कोलबेन बोलला?"

"छे. तो कशाला बोलेल? एवढंच म्हणाला की हिल्डुरकडे नवा तवा गेलाय. पुढचं माणसाला समजतंच." तिने फडके सोडले. आत तिचा स्वतःचा तवा होता, कोळशासारखा काळा. "हा वापरा. आमचा. आजपर्यंत घराबाहेर गेलेला नाही."

ऑर्रीने आभार मानले आणि तवा ओट्यावर ठेवला. एवढ्याने भागले असते. पण हेर्दिसने तवा दिल्याचे समोरच्या सोल्वेगने खिडकीतून पाहिले होते. ती आपला तवा घेऊन आली. तिच्या मागून कोपऱ्यावरच्या जुळ्या बहिणी आल्या, एकच तवा दोन्ही बाजूंनी धरून. मग गल्लीचे उरलेले तवे आले. प्रत्येकीने दारात बूट काढले, ऑर्रीचा हात हातात घेतला आणि करड्या तव्याकडे एकदा बघून मान हलवली. दुपारपर्यंत ओट्यावर चमचा ठेवायला जागा उरली नाही.

"हेर्दिसच्या तव्याला मध्ये खळगा आहे," सोल्वेग ऑर्रीच्या कानाशी म्हणाली. "तू सुजाण दिसतोस, म्हणून सांगते."

"सोल्वेगने तो एकदा धुतलाय," हेर्दिस दुसऱ्या कानाशी म्हणाली. "ती कबूल करणार नाही."

"मग कोणता वापरू?" ऑर्रीने उन्नुरला विचारले.

"कोणताही वापरलास तरी बाकीच्या वर्षभर आईशी बोलणार नाहीत."

"आणि कुठलाच नाही वापरला तर?"

"तर तुझ्याशी."

विमान वेळेवर उतरले. एरवी वाऱ्यामुळे दिवस-दिवस न येणारे विमान नेमके त्या दिवशी आले. हिल्डुर काळा चष्मा लावून आत आली, बायका भिंतीला लागून उभ्या राहिल्या. तिने चष्मा काढला, आणि इतक्या वर्षांनी प्रथमच लख्ख दिसणाऱ्या आपल्या स्वयंपाकघरावरून नजर फिरवली.

"कोण गेलं?" तिने विचारले.

"तवा," हेर्दिस म्हणाली.

ऑर्री पुढे झाला. त्या गावात सासूलाही नावानेच हाक मारतात. चूक कबूल करताना नात्याच्या आड लपता येत नाही. "हिल्डुर, मी घासला. घर स्वच्छ दिसावं म्हणून. वरच्या मजल्यासाठी." शेवटचे दोन शब्द बोलायचे नाहीत असे त्याने ठरवले होते.

हिल्डुरने करडा तवा खाली घेतला. बोट फिरवले. वास घेतला. उलटा करून पाहिला. "खाली फूल कोरलंय," ती म्हणाली. "हे मला माहीतच नव्हतं." मग ती ओट्याकडे वळली. सगळ्या बायका पुढे झुकल्या. हिल्डुरचा हात हेर्दिसच्या तव्यावरून गेला, सोल्वेगच्या तव्यावर जरा रेंगाळला, आणि जुळ्या बहिणींनी श्वास रोखला.

"हा कोणाचा?" तिने टोकाच्या तव्याला हात लावला.

"कोणाचाच नाही," ऑर्री म्हणाला. "दुकानातला आहे. नॉनस्टिक."

"कोणाचाच नाही?"

"गल्लीतला नाही."

"मग हाच," हिल्डुर म्हणाली. भिंतीजवळ सगळ्यांचे खांदे एकदम खाली आले. हरल्या सगळ्याच होत्या, पण कोणीही कोणाकडून हरली नव्हती.

तिने पीठ पसरले आणि सवयीने आपले पातळ, लोखंडी उलथने उचलले. ऑर्रीने ओठ घट्ट मिटून घेतले. वरचा मजला, ओलसर खोली, येणारे मूल, सगळे त्याच्या डोळ्यांपुढून गेले. उलथने तव्याला टेकायला आले.

"लोखंडी नको!" तो ओरडला. "लेप जाईल! लाकडी घे!"

 हिल्डुरच्या हातात उलथने असताना तिला आजवर कोणी काही सांगितले नव्हते. तिचा नवरा तर त्या वेळी खोलीतच थांबत नसे. तिने ऑर्रीकडे पाहिले, उलथन्याकडे पाहिले आणि हात पुढे केला. ऑर्रीने त्यावर लाकडी उलथने ठेवले.

धिरडी झाली. समोरच्या डोंगराच्या खाचेतून ऊन आले, टेबलावर थोडा वेळ बसले आणि गेले. सगळ्यांनी मुरंबा आणि साय घालून पोटभर खाल्ले, आणि धिरडी बरी आहेत, फक्त फिकट आहेत, यावर गल्लीचे एकमत झाले. मग आपापला तवा फडक्यात गुंडाळून बायका घरी गेल्या.

ऑर्री भांडी घासायला उभा राहिला. हिल्डुरने करडा तवा त्याच्याजवळ आणून ठेवला, पण पाण्यापासून लांब.

"हा वर घेऊन जा."

"वर?"

"रोज एक धिरडं करायचं यावर. तेल मुरेल, हळूहळू काळा होईल. गोदामावरच्या ओलीत गंजेल तो. म्हणून वरच राहावं लागेल तुम्हाला, काळा होईपर्यंत."

"किती वर्षं लागतील?"

"मला काय माहीत? मला दिला तेव्हा काळाच होता."

ऑर्रीने ओले हात पँटला पुसले, ही गोष्ट त्याने कारखान्यात कोणालाही करू दिली नसती. "आणि नॉनस्टिक? तोही वर नेऊ?"

हिल्डुरने खिडकीतून हेर्दिसच्या घराकडे पाहिले आणि पडदा ओढून घेतला.

"तो राहू दे इथेच," ती हळू म्हणाली. "पण खिळ्याला नको. आतल्या कपाटात ठेव, मोठ्या पातेल्याच्या मागे."